"हसताय ना? हसायलाच पाहिजे!" हा टीव्हीवरचा कॉमेडी शो शिळा होता का टिकू दिला नाही? आमच्या मंडळात यावरनं दोन गट पडलेत

मंगळवारपेठी

भावांनो, ताईंनो, निवांत असाल तरच वाचा, पोस्ट लांबलीय.

गणपती तोंडावर आलेत (७ सप्टेंबर २०२४) आणि आमच्या मंडळानं यंदा सजीव देखावा विनोदी करायचं ठरवलंय. दरवर्षी ऐतिहासिकच असतोय, अफजलखान करणारा गडी आता दोन पोरांचा बाप झाला, तो पण म्हणतोय मला बास करा आता. यंदाचा विषय "पूर बघायला आलेली माणसं". परवा जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटाची धोका पातळी ओलांडली तेव्हा निम्मं गाव छत्र्या घेऊन पाणी बघाय गेलतं की, बायका-पोरं, भजी, सेल्फी सगळं. त्यातला एक मामा दर पाच मिन्टाला येणाऱ्या-जाणाऱ्याला "किती फूट झालं?" विचारतोय आणि कुणी काय पण आकडा सांगितला तरी "हॅ, २०१९ ला ह्याच्यापेक्षा जास्त होतं" म्हणतोय. विषय एकदम फिट बसलाय, त्यात कुणाचं दुमत न्हाई.

भांडण लागलं ते लिहायचं कसं यावरनं. एक पोरगा म्हणाला निलेश साबळेच्या "हसताय ना" सारखं करूया, मामाच्या जागी भाऊ कदम डोळ्यासमोर ठेवायचा, कमी बोलणारा, नुसत्या तोंडावर हसवणारा. लगेच दुसरा उठला, जो शो तीन महिने टिकला न्हाई त्याची कॉपी मारलास तर आपला देखावा अनंत चतुर्दशीपर्यंत तरी टिकंल का. झालं. स्क्रिप्ट राहिली बाजूला आणि कट्ट्यावर रात्री साडेबारापर्यंत शो चांगला का वाईट यावरच पोरं भांडायलीत.

ज्यांनी बघितला न्हाई त्यांच्यासाठी सांगतो, कलर्स मराठीवर यंदा २७ एप्रिलला सुरू झाला, शनिवार होता (त्याच दिवशी इथं तपोवन मैदानावर मोदींची सभा होती म्हणून तारीख डोक्यात बसलीय), शनिवार-रविवार रात्री नऊला लागायचा. साबळे, भाऊ कदम, ओंकार भोजने, सुप्रिया पाठारे, स्नेहल शिदम, रोहित चव्हाण अशी टीम, समोर अलका कुबल आणि भरत जाधव बसलेले. आणि २८ जुलैला बिग बॉस सुरू व्हायच्या आधीच गाशा गुंडाळला.

माझं म्हणाल तर सुरवातीला आवडला, नंतर नंतर एकच स्किट ताणल्यागत वाटाय लागलं, पण भाऊ आला की चॅनल बदलाय हात उठायचा न्हाई. ज्यांनी नेमानं बघितलाय त्यांनी सांगा, खरंच शिळा होता का टिकू दिला न्हाई? भांडा, पण मुद्द्यावर भांडा.

गल्ली_नंबर_तेरा

शिळा होता, आणि ते नावातच लिहिलेलं होतं. "कसे आहात मंडळी, मजेत ना? हसताय ना? हसायलाच पाहिजे!" हे साबळे कितीतरी वर्षं चला हवा येऊ द्यामध्ये म्हणत होते. मार्चमध्ये ते झीवर बंद झालं, एप्रिलमध्ये तीच ओळ पाटीवर लिहून शेजारच्या चॅनलवर दुकान उघडलं. मग नवीन काय म्हणून बघायचं? २०१४ ला चला हवा येऊ द्याची थुकरटवाडी आली तेव्हा खरंच वेगळं वाटलं होतं हो, सिनेमावाले पाहुणे म्हणून यायचे आणि त्यांच्याच पिच्चरची त्यांच्यासमोर चिरफाड व्हायची, पाहुण्याला हसू आवरायचं नाही, आणि ते हसू खरं असायचं कारण त्याला पण माहीत नसायचं पुढं काय होणाराय. पुढं पुढं त्यातलं पण सगळं पाठ झालं. आणि जे आधीच पाठ झालंय तेच परत पहिल्या पानापासून सुरू केलं.

दुसरं म्हणजे ते हसणारे चेहरे. वाक्य अजून पुरं व्हायचंय तोवर कॅमेरा समोर बसलेल्यांवर, ते पोट धरून हसतायत, परत कॅमेरा स्टेजवर येतोय तर विनोद संपलेला. घरात बसलेल्याला कळत नाही हे नक्की कशाला हसले. सगळ्याच शोमध्ये असतंय हे मान्य, पण इथं जास्त टोचलं.

आणि गडी साडी नेसून आला की हसायचं, हे अजून किती वर्षं?

बावड्याची_सूनबाई

तेरा नंबर गल्लीवाले दादा, तुम्ही रात्री एकटे मोबाईलवर इअरफोन घालून बघत असणार म्हणून तुम्हाला कॅमेरा कुठं गेला ते दिसतंय. आमच्यात नऊला सगळे जेवायला बसतात, सासूबाई, दीर-जाऊ, पोरं, आणि टीव्ही एकच. मालिका लावली तर त्यात कुणीतरी कुणाच्या दुधात काहीतरी कालवत असतंय, बातम्या लावल्या तर मे महिनाभर निवडणूक. अशात दोन दिवस का होईना सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काहीतरी होतं, आणि चॅनल पटकन बदलावं असा घाणेरडा विनोद माझ्या तरी बघण्यात आला नाही, पोरं शेजारी असताना हे किती महत्त्वाचं असतं ते आईबापांना विचारा.

सासूबाईंना कमी ऐकू येतंय. त्या म्हणायच्या "मी भाऊला बघतो, बाकीचे काय बोलायलेत ते मला काय करायचंय". आणि खरंच बघा, समोरचा तावातावानं बोलत असतो, भाऊ कदम काहीच बोलत नाही, नुसती मान वळवतो, त्याच्याकडं बघतो, मग खाली बघतो, आणि मग हळूच "बरं" म्हणतो. तेवढ्यावर सासूबाईंना ठसका लागायचा, पाणी द्यावं लागायचं. त्यात जुनं काय न् नवीन काय?

साडीचं मात्र दादांचं पटतं मला. सुप्रिया पाठारेंसारखी बाई टीममध्ये असताना, स्नेहल शिदम असताना, पुरुषाला पदर कशाला घ्यायला लावायचा? त्या दोघींना अजून मोठं काम द्यायला पाहिजे होतं. इथं कुणी त्यांचं नाव पण घेईना, सगळं भाऊ-भाऊ चाललंय, मी पण तेच केलं म्हणा.

कटवडा_एक्स्ट्रा_कट

तुम्ही सगळे स्किटवर बोलायलाय, जरा कॅलेंडर काढून बघा की.

२७ एप्रिलला शो सुरू, तेव्हा आयपीएल भर रंगात, संध्याकाळची मॅच साडेसातला, म्हणजे नऊला पहिली इनिंग संपत आलेली, सगळ्यात मारामारीच्या ओव्हर. फायनल २६ मे, रविवार. मग जूनमध्ये टी-२० वर्ल्ड कप. पाकिस्तानची मॅच ९ जून, रविवार, रात्री आठ. बांगलादेशची २२ जून, शनिवार, रात्री आठ. फायनल २९ जून, ती पण शनिवारी आणि ती पण रात्री आठ. आता मला सांगा, सूर्यकुमारनं बाउंड्रीवर तो कॅच धरला त्या टायमाला कोल्हापुरात कॉमेडी शो लावून कोण बसलं असतं? आम्ही तर मॅच संपल्या संपल्या शिवाजी चौकात होतो. आणि वरनं गंमत म्हणजे आयपीएल ज्या जिओ सिनेमावर फुकट दिसत होतं त्याच ॲपवर हा शो. एकाच घरात दोन चुली मांडल्या आणि मग म्हणायचं इकडं भाकरी का फुगली न्हाई.

टीआरपीचं पण ऐका. टीआरपी मोजणाऱ्या बार्कची मीटरं देशभरात ५० हजारांच्या वर घरात आहेत, आकडे दर गुरुवारी चॅनलच्या टेबलावर येतात. त्यातली मराठी घरं किती, त्यातली शनिवारी नऊला क्रिकेट सोडून दुसरं बघणारी किती, हिशोब लावा तुम्हीच. आणि बिग बॉस येणार, रितेश देशमुख येणार, रोज रात्री नऊ, हे ठरल्यावर नऊच्या जागेवर दुसरं काय पण असतं तरी उठवलंच असतं असं मला वाटतंय. टिकू दिला न्हाई, माझं मत क्लिअर आहे.

गल्ली_नंबर_तेरा

क्रिकेट काय याच वर्षी सुरू झालं काय? सोनी मराठीवरची महाराष्ट्राची हास्यजत्रा २०१८ पासून चालू आहे, तेवढ्यात किती आयपीएल झाले आणि किती वर्ल्ड कप, कोरोना पण येऊन गेला. ती कशी टिकली मग?

कटवडा_एक्स्ट्रा_कट

भावा ती आधी लोकांच्या सवयीची झाली. आज चुकली तर उद्या यूट्यूबवर बघतोय माणूस, रिक्षात बघतोय, दाढी करताना बघतोय. कुणी कुणाला लिंक पाठवली की "अरे हे बघच" म्हणून. सवय लागायलाच दोन-तीन वर्षं जातात, इथं तीन महिने दिले. तुला नवीन मिसळवाला पण तीन महिन्यात फडतरे व्हाय पाहिजे असतोय.

इचलकरंजी_एक्सप्रेस

शो गेला ते बरंच झालं. त्या जागेवर बिग बॉसमध्ये आमचा डीपी दादा (धनंजय पोवार) दिसाय लागला. स्क्रिप्ट न्हाई, साडी न्हाई, नुसता बोलतोय तरी आख्खं घर हसतंय. मत द्या रे सगळ्यांनी.

मंगळवारपेठी

एक्सप्रेस, मत मागायचा धागा वेगळा काढ. विषय भरकटवू नको.

चिपळूणचा_पाव्हणा

मी मूळ चिपळूणचा, नोकरीला शिरोली एमआयडीसीत, त्यामुळे तुमच्या पेठांच्या भांडणात पडत नाही, पण ओंकार भोजनेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, आमच्या गावचा म्हणून नाही हां, बरं थोडं त्यामुळे पण.

हा मुलगा हास्यजत्रेत होता तेव्हा त्याचं "अगं अगं आई" पोराटोरांच्या तोंडी होतं. मग २०२२ ला झीनं फू बाई फू परत आणलं त्यात गेला, ते टिकलं नाही. मग हा शो, हा पण टिकला नाही. आणि लोक लगेच म्हणायला मोकळे की बघा, सोडून गेला आणि पडला. अरे पण त्याच्या कामात कुठं कमी दिसली? मला या शोमधलं त्याचं काम उलट जास्त आवडलं, कारण भाऊ कदम समोर असला की बाकीचे एकतर त्याच्यापुढं दबतात नाहीतर आरडाओरडा करून लक्ष वेधायला बघतात, ओंकार दोन्ही करत नव्हता. भाऊ हळू, हा फास्ट, भाऊ थंड, हा भडकलेला. ही जोडी अजून वर्षभर एकत्र राहिली असती तर काहीतरी वेगळंच उभं राहिलं असतं असं माझं प्रामाणिक मत.

शो पडला की नट पडला असं धरू नका एवढंच. कलाकारानं तरी काय करावं, एकाच ठिकाणी राहिला तर तोचतोचपणा म्हणता, बाहेर पडला तर माज आला म्हणता.

पडद्यामागचा

धागा कालच बघितला, आज लिहायला बसलोय. मी हौशी नाटकात लाइट आणि पार्श्वसंगीत करतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी आणि प्रयोग यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळं विनोदी नाटक विंगेत उभं राहून ऐकायची सवय आहे. (केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्टला जळालं त्यानंतर खासबागेच्या बाजूनं गाडी घालायचं मी टाळतोय. १९१५ चं पॅलेस थिएटर हो, शाहू महाराजांनी बांधलेलं. जाऊ दे, त्यावर बोलायला लागलो तर हा धागा संपायचा नाही.)

विंगेतनं काय कळतं, तर विनोद वाक्यात असतो त्यापेक्षा जास्त वाक्यानंतरच्या थांबण्यात असतो. हशा आला की नटानं थांबायचं, पण तो पूर्ण संपू द्यायचा नाही, उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर हशात बुडतं, उशीर केला तर थंड पडतं. भाऊ कदमला हे फू बाई फूपासून येतंय, सूनबाई म्हणतात ते मान वळवून बघणं, खाली बघणं, मग "बरं", हे सगळं त्या थांबण्याचंच काम आहे. आणि तेरा नंबर जे म्हणतात कॅमेरा मधेच पाहुण्यांवर जातो, ते त्या थांबण्याच्या मुळावर येतं. नट स्टेजवर बरोबर थांबलेला असतो, एडिटिंगमध्ये तेवढ्या जागेत दुसऱ्याचे दात दाखवतात. म्हणजे तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर बोलताय, एकाला नट दिसला आणि एकाला कात्री दिसली.

लेखनाचं मात्र मी तेरा नंबरच्या बाजूनं आहे. साबळे लिहिणार, दिग्दर्शन करणार, सूत्रसंचालन करणार आणि वर स्किटमध्ये उभे पण राहणार, आठवड्याला दोन भाग. माणूस हुशार आहे यात शंका नाही, डॉक्टरकी सोडून इथवर आलेला माणूस आहे, पण एकाच डोक्यातनं किती निघणार? हास्यजत्रेत निर्माते मोटे-गोस्वामींच्या देखरेखीखाली लिहिणारी फळी आहे, समीर चौघुले, प्रसाद खांडेकर हे नट स्वतः लिहितात, त्यामुळं आज एकाचा सूर, उद्या दुसऱ्याचा. चला हवा येऊ द्यामध्ये पण सूर बदलायला जागा होती, सागर कारंडेचा पोस्टमन पत्र वाचायला लागला की मघाशी हसणारे डोळे पुसायचे, आणि मग परत हसायला माणूस ताजा व्हायचा. या नवीन शोमध्ये सगळं एकाच पट्टीत वरच्या आवाजात, तासभर. माझे कान दमायचे.

पण टिकू दिला नाही हे पण खरं आहे. हास्यजत्रेतली नम्रता संभेरावची लॉली आज नुसती एन्ट्री घेते तरी टाळ्या पडतात, त्या टाळ्या कितीतरी भागांच्या कमाईच्या आहेत. पात्राची लोकांशी ओळख व्हायच्या आधी शो बंद केला तर कुठलं पात्र राहणार लक्षात? क्रिकेटचं मात्र अर्धवट पटतं. मॅच नव्हती ते शनिवार-रविवार पण होतेच की.

आता मंडळाचं. भाऊ कदमला डोळ्यासमोर ठेवून लिहू नका, आणि त्याचं कारण शो चालला नाही हे नाही. भाऊचा विनोद क्लोज-अपचा आहे. तुमचा देखावा रस्त्यावरनं बघणार, पुढं पोरं खांद्यावर घेतलेले बाप, मागं बायका टाचा उंच करून, त्यांना मामाची भुवई उडालेली दिसणार आहे का? तिथं अंग लागतं. छत्री उलटी होणं, पाण्यात गेलेली चप्पल काठीनं ओढणं, दुसऱ्याच्या सेल्फीत घुसणं. आणि दुसरं, सजीव देखाव्याला आवाज आधी रेकॉर्ड केलेला असतोय, पोरं नुसते ओठ हलवतात. म्हणजे थांबायचं किती हे नटाच्या हातातच नाही. गर्दी हसली तर पुढचं वाक्य बुडणार, नाही हसली तर नुसती शांतता, आणि रस्त्यावरची शांतता लय वाईट असते, लोक पुढच्या मंडळाकडं चालाय लागतात.

मंगळवारपेठी

लय म्हणजे लयच भारी लिहिलंय. क्लोज-अपचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, दोन्ही गटांना वाचून दाखवतो. मग त्या थांबण्याचं करायचं काय? रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात हाय.

पडद्यामागचा

जिथं हशा येईल वाटतंय तिथं बोलणं ठेवू नका पण रिकामं पण सोडू नका. पावसाचा आवाज वाढवा, लांबनं भोंगा वाजू दे, तेवढ्यात मामा छत्री झटकून शेजारच्याच्या अंगावर पाणी उडवतोय. हसले तर हशा त्यात सामावतो, नाही हसले तरी काहीतरी चाललेलं दिसतंय.

शिवाय सगळा ट्रॅक एकसलग करू नका, तुकडे ठेवा, आणि प्रत्येक मोठ्या वाक्यानंतर लॅपटॉपवर बसणाऱ्यानं पुढचा तुकडा सोडायचा. फक्त तो पोरगा गर्दी दिसेल असा बसवा. नेहमी त्याला देखाव्याच्या मागं कनातीत कोंबतात आणि त्याला कळतच नाही लोक हसले का गेले. पहिल्या रात्री गर्दी घरच्यांची असते, ती कशाला पण हसते, त्यावर भरवसा ठेवून टायमिंग पक्कं करू नका.

गल्ली_नंबर_तेरा

हे पटलं. कात्रीचं पण पटलं. भाऊचे दोन जुने भाग परत लावून बघितले मघाशी, पाहुणे दिसले की डोळे मिटून घेतले, तसं बघितलं तर बरे वाटतात. शो शिळा होता हे मत कायम.

मामाला साडी नेसवू नका एवढं बघा.

बावड्याची_सूनबाई

मामाच कशाला पाहिजे? मामी घ्या की. पूर बघायला आमच्यात सगळ्यात आधी बायका जातात, आणि किती फूट झालं ते त्यांनाच जास्त माहीत असतंय. मंडळात पोरी न्हाईत का तुमच्या?